किडनी बदलली; आता नाक्यावरच्या दवाखान्यालाही शिकवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या एका पोराला ताप आला, घसा धरला, खोकला लागला. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या आईने आपली एक किडनी त्याला दिली होती. त्याआधी दोन वर्षे तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता. ऑपरेशन नीट पार पडले तेव्हा विहारात वंदना झाली, महिला मंडळाने खीरदान केले. पोरगा पुन्हा कामाला लागला होता.

रात्री नऊ वाजता भर पावसात मोठ्या हॉस्पिटलात कोण जाणार? घरच्यांनी त्याला नाक्यावरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, क्लॅरिथ्रोमायसिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले. ताप उतरला. पण चार-पाच दिवसांत पोराचे हात थरथरू लागले, लघवी कमी झाली, पाय सुजले. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले होते आणि टॅक्रोलिमस नावाच्या औषधाची रक्तातली पातळी कितीतरी वर गेली होती. बारा दिवस तो ॲडमिट होता. किडनी वाचली, पण पूर्वीइतकी चांगली राहिली नाही.

वस्तीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, डॉक्टर बोगस आहे. दुसरा म्हणे, घरच्यांना अक्कल नको का? मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. हे डॉक्टर पंचवीस-तीस वर्षे आपल्या वस्तीत बसतात. लॉकडाऊनमध्ये भल्याभल्यांनी शटर पाडले, तेव्हा यांचा दवाखाना उघडा होता. ते शिकत होते तेव्हा टॅक्रोलिमस आपल्याकडे कोणी वापरत नव्हते. त्यानंतर त्यांना ते कोणी शिकवले? आणि पोराच्या आईला हॉस्पिटलने सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटांत चार पाने इंग्रजीत दिली, ती तिने कशी वाचायची?

दोष शिक्षणाच्या वाटणीत आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची काळजी कशी घ्यावी हे ज्ञान मोठ्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर अडकून पडले आहे. रुग्ण मात्र तिथे महिन्यातून एकदा जातो आणि उरलेले एकोणतीस दिवस आपल्यात राहतो.

औषधांचा काटा

दुसऱ्याची किडनी शरीर परकी समजते आणि तिच्यावर हल्ला करते. तो हल्ला थोपवण्यासाठी रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. बहुतेकांना तीन औषधे असतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. किडनी चालू आहे तोवर औषधे चालू. बरे वाटले म्हणून ती बंद करता येत नाहीत.

यातले टॅक्रोलिमस सोनाराच्या काट्यावर तोलावे असे औषध आहे. रक्तात ते थोडे कमी पडले तर शरीर किडनी नाकारते. थोडे जास्त झाले तर तेच औषध किडनीला मारते. हात थरथरणे, डोके दुखणे, बीपी वाढणे ही त्याची चिन्हे. आपले लिव्हर हे औषध मोडून बाहेर टाकते. दुसऱ्या काही गोळ्या लिव्हरचे हे काम मंद करतात, काही ते भलतेच वेगवान करतात. खरी गोम इथे आहे.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन काम मंद करतात, म्हणून टॅक्रोलिमस साचते. त्याच घराण्यातले ॲझिथ्रोमायसिन त्याला तितके छेडत नाही. म्हणजे त्या रात्री एका गोळीच्या जागी दुसरी लिहिली असती, वेदनाशामक इंजेक्शन टाळले असते आणि हॉस्पिटलला एक फोन केला असता, तर पुढचे बारा दिवस टळू शकले असते. वस्तीत गजकर्ण-नायटा घरोघरी आहे. त्यावर सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही औषधेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. बीपीसाठीचे डिल्टियाझेमही तेच करते. फळांमध्ये पपनस तसेच. उलट फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे पातळी खाली आणतात. काही रुग्णांना ॲझाथायोप्रिन चालू असते. त्यांना गाऊटसाठी कोणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके थेट किडनीलाच इजा करतात.

ही यादी एका पानात मावते. ती शिकायला डॉक्टरला दोन तास पुरतात. पण ते दोन तास त्याच्यापर्यंत आणायचे कोणी?

टीबीचा प्रश्न आपलाच आहे

दाट वस्ती, बंद खोल्या, वारा नाही, उजेड नाही. टीबी आपल्याकडे का आहे हे वेगळे सांगायला नको. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो इतरांपेक्षा सहज गाठतो. सरकारी केंद्रात टीबीची जी एकत्रित गोळी मिळते तिच्यात रिफाम्पिसिन असते. औषध चांगले आहे, लाखोंचे प्राण त्याने वाचवले आहेत. पण ते टॅक्रोलिमसची पातळी इतकी झपाट्याने खाली आणते की डोस वेळेवर वाढवला नाही तर काही दिवसांतच किडनी धोक्यात येते. टीबीचा कोर्स संपला की उलटे होते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर तोच विषासारखा लागतो.

म्हणजे टीबी केंद्रातल्या कार्यकर्त्याने पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला पाहिजे: "तुमच्या शरीरात कोणाचा अवयव बसवला आहे का?" उत्तर हो आले तर गोळी सुरू होण्याआधी प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांशी बोलणे झाले पाहिजे. ते डोस ठरवतील किंवा रिफाब्युटिनसारखा दुसरा मार्ग काढतील. हा प्रश्न विचारायला एमबीबीएस व्हावे लागत नाही. तो विचारायचा असतो एवढे कोणीतरी शिकवावे लागते.

शिकायचे कोणी?

केवळ डॉक्टरांनी शिकून भागणार नाही. किडनी एका हातात सुरक्षित राहत नाही, ती सात-आठ हातांतून जाते.

मेडिकलवाला. दुकानात रोजचा ब्रँड नसला की "तेच आहे, घ्या" म्हणून दुसरा देतो. इतर औषधांना हे चालते. टॅक्रोलिमसला चालत नाही. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी वेगळी, एकदाच घ्यायची वेगळी, आणि नावे जवळपास सारखी. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१२ साली टॅक्रोलिमस ब्रँडच्या नावानेच लिहावे आणि द्यावे अशी सूचना काढली ती अशा गोंधळांमुळेच. स्वस्त जेनेरिक वाईट असते असा याचा अर्थ नाही. गरिबाला ते हवेच. पण बदल डॉक्टरांना सांगून व्हावा आणि त्यानंतर रक्ताची पातळी तपासावी.

लॅबवाला. टॅक्रोलिमसची पातळी बघायची तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढावे लागते. गोळी घेऊन आलेल्या माणसाचे रक्त काढले तर आकडा खोटा येतो, आणि खोट्या आकड्यावर डॉक्टर डोस कमी करतो. गोळी कधी घेतली, एवढे विचारायला लॅबवाल्याला किती वेळ लागतो?

नर्सताई. डायलिसिससाठी हातावर केलेला फिस्टुला असेल तर त्या हातावर बीपी घ्यायचे नाही, सुई टोचायची नाही. रुग्णाला जिवंत जंतूंच्या लशी द्यायच्या नाहीत. स्टिरॉइड चालू असेल तर ताप मोठा दिसत नाही, म्हणून थोडा तापही मोठा समजायचा.

आशाताई. लग्न झालेली मुलगी मायकोफेनोलेट घेत असेल तर त्या औषधावर गर्भ राहणे बाळाला घातक असते. गर्भाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यायचे असते. ही गोष्ट सासूसमोर, नवऱ्यासमोर कोण बोलणार? आशाताईच बोलू शकते, पण तिला आधी माहीत हवे.

वैद्य आणि काढेवाले. कोरोनापासून प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे घरोघरी पोचले. ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे त्याला ती वाढवण्याचा काढा पाजणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे. वस्तीतले अनेक डॉक्टर बीएएमएस, बीएचएमएस आहेत. त्यांना या शिक्षणातून वगळून चालणार नाही, कारण रात्री नऊ वाजता दार तेच उघडतात.

नियम आहेत, दिशा नाही

सतत शिकत राहण्याचा नियम आपल्याकडे नाही असे नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करताना डॉक्टरांना ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात. फार्मासिस्टसाठी २०१५ च्या नियमांत ५ वर्षांत किमान २ उजळणी वर्ग सांगितले आहेत. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलात समन्वयक असणे बंधनकारक झाले. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये विभागीय आणि राज्य पातळीची अवयव प्रत्यारोपण संस्था आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत.

मग अडते कुठे? गुण कोणत्या विषयावर मिळवायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर. वर्ग भरतात ते बऱ्याचदा हॉटेलच्या हॉलमध्ये, इंग्रजीत, रविवारी सकाळी, आणि बोलणारे बोलतात ते इतर तज्ज्ञांसाठी. नव्या शस्त्रक्रियेवर तासभर चर्चा होते, पण गजकर्णाची गोळी आणि किडनी यांच्या भांडणावर पाच मिनिटेही नसतात. समन्वयकांचे प्रशिक्षण होते, ते चांगलेच आहे. पण त्यात भर असतो अवयवदान वाढवण्यावर, दात्याच्या कुटुंबाशी बोलण्यावर. अवयव बसल्यानंतर तो ज्या वस्तीत परत जातो त्या वस्तीचे काय?

दूर बसलेल्या डॉक्टरला शिकवता येते हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हेपॅटायटिस सी चे रुग्ण खेडोपाडी होते आणि तज्ज्ञ एका शहरात. डॉ. संजीव अरोरा या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी २००३ साली 'इको' नावाचा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला व्हिडिओवर तज्ज्ञ आणि गावातले डॉक्टर एकत्र बसत. गावचा डॉक्टर आपला रुग्ण मांडत असे, सगळे मिळून विचार करत. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले. गावच्या डॉक्टरांनी केलेले उपचार तज्ज्ञांच्या उपचारांइतकेच यशस्वी ठरले होते. आज वस्तीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या खिशात स्मार्टफोन आहे. साधन आहे, इच्छा हवी.

"असे रुग्ण आहेतच किती?"

हा प्रश्न मला एका शहाण्या माणसाने विचारला. वस्तीत डेंग्यू आहे, जुलाब आहेत, टीबी आहे, शुगर आहे. दोन-चार किडनीवाल्यांसाठी सगळ्यांना कशाला कामाला लावायचे?

पहिले उत्तर असे की ही शिकवण दोन-चार जणांपुरती राहत नाही. कुठल्या गोळीचे कुठल्या गोळीशी भांडण आहे हे शिकलेला डॉक्टर एचआयव्हीच्या, फिट्सच्या, कॅन्सरच्या रुग्णालाही जपतो. वेदनाशामकाने किडनी जाते हे समजलेला मेडिकलवाला शुगरच्या आजीलाही मूठभर गोळ्या देत नाही. आज शुगर-बीपीची नीट काळजी घेतली तर उद्याचे डायलिसिसही काही प्रमाणात टळते.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. सरकारी योजना ऑपरेशनचा मोठा भार उचलते, पण त्याआधी डायलिसिसच्या वर्षांत घर विकायला निघालेले असते. एवढे करून बसवलेली किडनी अज्ञानामुळे गेली तर जगासमोर कोण दोषी ठरते? डॉक्टर नाही, मेडिकलवाला नाही. दोषी ठरते वस्ती. "या लोकांना काळजी घेता येत नाही." हे वाक्य आपण शतकानुशतके वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. प्रत्यारोपणासाठी रुग्ण निवडताना तो औषधे नियमित घेईल का, घर स्वच्छ आहे का, सोबत कोण आहे, हे बघितले जाते. बघावेच लागते. पण आपल्या वस्तीतल्या किडन्या अशाच जात राहिल्या तर उद्या पत्ता वाचूनच मान हलू नये, याची मला काळजी वाटते. कोणी तसे बोलून दाखवणार नाही. म्हणून आजच बोलले पाहिजे.

आणि त्या आईला विसरू नका. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त आहेत, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. देणारी आई, बहीण, बायको ऑपरेशननंतर महिन्याभरात धुण्याभांड्याच्या कामावर हजर होते. तिलाही आता एकच किडनी आहे. तिचे गुडघे दुखले की तिलाही तेच वेदनाशामक इंजेक्शन मिळते. तिचे बीपी, तिची लघवी दरवर्षी कोण तपासते? शिक्षणाच्या यादीत दात्याचाही धडा हवा.

करुणा आहे, प्रज्ञा हवी

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने गळून गेलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर निजवले. मग त्यांनी संघाला बजावले की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? हा प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. पण त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. शुश्रूषा करणारा कसा असावा हेही तिथे सांगितले आहे. तो किळस न करणारा असावा, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा, आजाऱ्याला धीर देणारा असावा. आणि या सगळ्याच्या जोडीला त्याला औषध तयार करता यावे, आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या शिकवणीत सेवेबरोबर ज्ञानाची अट आहे. बाबासाहेबांनीही आपल्याला प्रज्ञा, शील, करुणा ही तिन्ही एकत्र दिली. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे करुणा होती, म्हणून त्यांनी रात्री दार उघडले. प्रज्ञेचा तो एक तुकडा त्यांच्यापर्यंत पोचवणे हे समाजाचे आणि सरकारचे काम होते. ते झाले नाही.

मागणी आणि आपली जबाबदारी

सरकारकडे आणि कौन्सिलांकडे मागणी सरळ आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या नूतनीकरणाच्या गुणांत औषधांचे परस्पर परिणाम आणि प्रत्यारोपणानंतरची काळजी यासाठी काही तास राखून ठेवा. आयुष आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही त्यात घ्या. वर्ग मराठीत आणि वॉर्डाच्या दवाखान्यात भरवा. आशाताईंना त्या दिवसाचा मोबदला द्या. ज्या हॉस्पिटलला प्रत्यारोपणाचा परवाना आहे त्याने रुग्णाला घरी सोडताना त्याच्या जवळच्या डॉक्टरला मराठीत एक पान आणि एक फोन नंबर द्यावा. तो नंबर रात्रीही उचलला गेला पाहिजे.

आणि आपण? वर्षावासात तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते. पावसाचे हेच दिवस तापाचे. त्यातला एक रविवार वस्तीतले डॉक्टर, मेडिकलवाले, लॅबवाले, आशाताई यांना बोलवा आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सताईंना किंवा समन्वयकांना शिकवायला बसवा. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज मोठ्या हॉस्पिटलांत नर्स आहेत. त्यांच्याकडे हे ज्ञान आहे. त्यांना नुसती शाल-पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवू नका, फळ्याजवळ उभे करा.

ज्या घरात प्रत्यारोपण झाले आहे त्यांनी आजपासून एवढे करावे:

१. खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर "माझे अवयव प्रत्यारोपण झाले आहे", सर्व औषधांची ब्रँडसह नावे आणि हॉस्पिटलचा नंबर लिहा.

२. कुठल्याही दवाखान्यात, मेडिकलमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, टीबी केंद्रात बोलण्याआधी ते कार्ड पुढे करा.

३. नवी गोळी, इंजेक्शन, लस किंवा काढा हॉस्पिटलला विचारल्याशिवाय घेऊ नका.

४. ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली, पाय सुजले, किंवा उलट्या-जुलाबाने गोळ्या पोटात टिकत नसतील तर त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा.

५. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणा. पैशाची अडचण असेल तर लपवू नका, गोळी अर्धी करू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, विहारात सांगा.

आमच्या वस्तीतला तो पोरगा आता बरा आहे. परवा मी त्याला नाक्यावरच्या त्याच दवाखान्यात बघितले. डॉक्टर त्याचे कार्ड वाचत होते आणि काही नावे आपल्या वहीत उतरवून घेत होते. साठीच्या घरातला माणूस विद्यार्थ्यासारखा लिहीत बसला होता. शिकायची त्यांची तयारी आहे. शिकवणारे कधी येणार?

नमो बुद्धाय! जय भीम!